आठ ते नऊची रेघ

नाखवा,

तुमच्या बाराव्याचं जेवण उरकलं, मंडपातल्या खुर्च्या उचलायला माणसं आली, तेव्हा महेश माझ्याशेजारी येऊन बसला. तीन वर्षांत तो माझ्याशी चार वाक्यांच्या वर बोललेला नव्हता. उरणला ट्रेलर चालवणारा तुमचा मुलगा महिन्यातून एकदा घरी यायचा, त्यात झोपायचा जास्त. त्या दिवशी मात्र त्याने विचारलं, "ताई, बाबा तुमच्यासोबत एक्झॅक्टली काय करायचे?"

मी त्याला म्हटलं, मोबाइल आडवा धर. पडदा आडवा झाला. आता उभा धर. उभा झाला. मोबाइलला आपण कसा धरलाय हे कळतं ना, तसंच कळणारं एक यंत्र आम्ही देवमाशाच्या पाठीवर चिकटवायचो. तो कधी बुडतो, कधी वळतो, कुठल्या कुशीवर होतो, एकदम वेग कधी घेतो, हे सगळं त्यात नोंदलं जातं. त्यावरून तो काय आणि कसं खातो ते समजतं.

"आणि ते चिकटवायचं कोण?"

"तुझे बाबा."

तो बराच वेळ मोबाइल आडवा-उभा करत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही लोक फोटो काढता. फोनवर रोज सांगायचे, आज भेटला, आज न्हाय भेटला. मी आपला बरं म्हणायचो."

मी त्याला दिलेलं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्याकडे येण्याआधी बंदरावर तिघांनी मला नाही म्हटलं होतं. देवमाशाच्या मागे मुद्दाम होडी न्यायची नसते, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याला वनखात्याची भीती वाटली. माझ्याकडच्या परवानगीच्या कागदावरचे शिक्के बघून ती वाढलीच. तिसऱ्याने तुमच्या पडवीकडे बोट दाखवलं, बहुधा मला टाळायला. तुम्ही जाळं शिवत होता. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "गाव कुठलं?"

"माणगावच्या आतलं. भातशेती आहे आमची."

"पवता येतं?"

"नाही."

"दर्या लागतो?"

"एकदा मोठ्या जहाजावर गेले होते. सहा दिवस आडवीच होते."

तेव्हा तुम्ही मान वर केलीत आणि आतल्या बाजूला बघून काकींना हाक मारलीत, "अगो, यी भातवाली आलीय, देवमाशावर शिकते. च्या टाक." पुढे तीन वर्षं मी तुमच्या घरात भातवालीच राहिले. काकी तर माझं खरं नाव विचारायच्याही विसरल्या.

ते पाठीवर चिकटवायचं यंत्र, टॅग, बघून तुमचा पहिला प्रश्न होता, "त्याला दुखंल का?" मी सांगितलं की यात खिळा नाही, सुई नाही, नुसत्या चार रबरी वाट्या आहेत. हवा निघून गेली की त्या कातडीला धरून बसतात आणि काही तासांनी आपोआप सुटतात, मग तरंगणारा टॅग उचलून आणायचा. तुमचा विश्वास बसला नाही. तुम्ही सदरा काढलात, पाठ माझ्याकडे केलीत आणि म्हणालात, "लाव." चपलेएवढा नारिंगी ठोकळा पाठीवर घेऊन तुम्ही धक्क्यावर दोनदा फेरी मारून आलात. लोक हसले, तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत. ओढून काढल्यावर पाठीवर चार लाल गोल उमटले होते. काकींनी त्यावर खोबरेल लावलं. तुम्ही म्हणालात, "येवरं काय न्हाय. जाऊ परवा."

परवा आपण गेलो आणि मी दोन तास ओकले. तुम्ही इंजीन बंद करून एकच सूचना दिलीत, डोंगराकडे बघत बस, पाण्याकडे बघू नको. त्यानंतर मी किनाऱ्याचे डोंगर इतके बघितले की डोळे मिटून ती ओळ काढता येईल मला. खरं तर तुमच्या खुणाही तिथेच होत्या. कुठल्या डोंगराच्या खांद्यावर कुठला सुळका आला की कुठे पोचलो, हे तुम्ही मला सांगत होता तेव्हा माझ्या हातातलं जीपीएस तेच आकडे दाखवत होतं. मला ते मजेशीर वाटलं होतं. तुम्हाला नाही. तुम्ही म्हणालात, "तुझं यंतर बरोबर हाय."

लांब काठीच्या टोकाला टॅग धरून तो पाठीवर लावायचं काम पहिल्यांदा मीच करणार होते. तशी माझी तालीम झाली होती, तळ्यात, तरंगत्या पिंपावर. पिंप श्वास घेत नाही. तुमच्या होडीपेक्षा दीड पट लांब असलेला प्राणी हाताच्या अंतरावर वर आला, फवारा सोडला, सडक्या तारली माशांचा वास अंगावर आला, आणि मी काठी हातात धरून नुसती उभी राहिले. तो निघून गेला. असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी तुम्ही मला बाजूला बस म्हणालात. बाहेरून मागवलेली काठी वाऱ्यात थरथरते म्हणून तुम्ही बोर्लीच्या बाजारातून एक बांबू आणला होता, त्याच्या टोकाला टॅगचा चाप बांधला होता. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, गुडघे किंचित वाकवून उभे राहिलात. तो वर आला, पाठ वळायला लागली, आणि तुम्ही टॅग ठेवलात. मारला नाहीत. कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवावा तसा ठेवलात. मागे वळून म्हणालात, "लिव वेळ."

मी वेळ लिहिली. पुढे प्रत्येक वेळी तुम्ही हेच म्हणायचात आणि मी वेळ लिहायचे. ही गोष्ट नंतर महत्त्वाची ठरली.

तुमच्या पडवीत लॅपटॉप उघडून पहिली नोंद दाखवली ती सकाळ मला चांगली आठवते. काकी अंगणात जवळा पसरत होत्या. मी रेषा समजावत होते: ही खाली गेली म्हणजे तो बुडाला, ही फिरली म्हणजे कुशीवर झाला, ही एकदम उसळली म्हणजे वेग घेतला, आणि लगेच कोसळली म्हणजे त्याने तोंड उघडलं. तोंड उघडलं की पाणी आत घुसतं आणि एवढं धूड जागच्या जागी थांबल्यासारखं होतं. तुम्ही म्हणालात, "वल्हं आडवं धरल्यावर होडी थांबते, तसं." मी हे समजावायला इतक्या सभांमध्ये इतक्या उपमा वापरल्या, पण तुमची वापरली की लोक लगेच मान डोलावतात. ती तुमची आहे हे दर वेळी सांगते.

दुसऱ्या-तिसऱ्या नोंदीपर्यंत तुम्हाला रेषा वाचता येऊ लागली. बोट ठेवून सांगायचात, हा इथं फसला, मासा सुटला. हा इथं पोट भरून आला. काही बाबतीत तुम्ही माझ्या पुढे होता, कारण मला फक्त रेषा दिसत होती, तुम्हाला रेषेखालचं पाणी.

डाव्या-उजव्याचं भांडण त्यातूनच झालं. माझ्या आलेखात तो तारलीच्या थव्यावर जाताना दर वेळी डाव्या कुशीवर वळत होता. तुम्ही म्हणालात उजव्या. मी म्हटलं यंत्र डावं सांगतंय. तुम्ही म्हणालात, "मी तीस वर्सं बघतोय त्याला, उजवंच." मी म्हटलं, वरून बघताना चूक होऊ शकते. तेव्हा तुम्ही गप्प बसलात. तुमचं गप्प बसणं हे मान्य करणं नसायचं, हे मला कळायला पुढचा हंगाम लागला.

पंधरा दिवसांनी मी बोर्लीतल्या माझ्या खोलीवर टेबलावर टॅग ठेवून तपासत होते. सहज हाताने उजवीकडे कलता केला. पडद्यावरची रेषा डावीकडे गेली. टॅग कुठल्या दिशेला तोंड करून बसतो, ते मी प्रोग्राममध्येच उलटं लिहिलं होतं. अधिकच्या जागी उणे. तशीच उठले, बोर्लीहून रिक्षा केली आणि तुमच्याकडे आले. तुम्ही जेवत होता.

"नाखवा, तुमचं बरोबर होतं."

"कशात?"

"उजव्यात. माझी चूक झाली होती."

तुम्ही घास घेतलात, चावलात, गिळलात. "मग कागदावर उजवं केलंस?"

"केलं."

"झालं तर. जेव."

काकींनी ताट वाढलं. तुम्ही हसला नाहीत, नंतरही कधी टोमणा मारला नाहीत. माझ्या कामात चूक कबूल करणाऱ्याला लोक बरेच दिवस तिची आठवण करून देतात. तुमच्याकडे मात्र ते प्रकरण त्या जेवणाबरोबर संपलं. निदान मला तसं वाटलं होतं.

आता राहिलेली गोष्ट.

दुसऱ्या हंगामात, टॅग लावून आपण परत येत होतो. वारा पडला होता. तुम्ही सुकाणूवर होता, मी पिशव्या आवरत होते. तुम्ही विचारलंत, "आपन मागं आसतो तवा त्यो खातो का गो?"

"खातो," मी म्हटलं.

"लगेच?"

"हो, लगेच."

नाखवा, तो लगेच खात नव्हता. काठी लागली की पुढचा तासभर, कधी सव्वा तास, रेषा सपाट असायची. बुडायचा, वर यायचा, सरळ पोहत राहायचा, तोंड उघडायचा नाही. सातही नोंदींत हेच होतं. शिवाय त्या तासात बहुतेक वेळा आपण त्याच्या मागे मागे असायचो, टॅग नीट बसलाय ना हे बघायला. आपण लांब झालो की थोड्या वेळाने तो पुन्हा थव्यावर जायचा.

माझ्या विषयात ही गोष्ट कुणी लपवत नाही. सुरुवातीचा भाग प्राणी बिथरलेला असतो म्हणून हिशेबात धरत नाहीत आणि धरला नाही असं लिहून टाकतात. मीही लिहिणार होते. फक्त तुम्हाला सांगितलं नाही. पडवीत तुम्हाला रेषा दाखवताना मी ती एक तास पुढून सुरू करायचे. लॅपटॉप उघडण्याआधी तसं करून ठेवायचे, तुमच्यासमोर सरकवायला लागू नये म्हणून.

कारण मला माहीत होतं की तुम्ही दुसऱ्या दिवशी होडी काढली नसती. पहिल्याच महिन्यात एकदा समोर थवा होता, पाखरं तुटून पडली होती, तो चारी बाजूंनी फिरत होता, मी म्हटलं जाऊ या जवळ, आणि तुम्ही इंजीन बंद केलंत. म्हणालात, "जेवत्याला उठवू नये." त्या दिवशी आपण टॅग न लावता परत आलो. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्याकडे दोनच नोंदी जमल्या होत्या, आणखी पाच हव्या होत्या. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. म्हणून मी हो, लगेच, असं म्हटलं. विचार करायलाही वेळ घेतला नाही.

यानंतर नकाशाचं भांडण झालं आणि हे सांगणं आणखी मागे पडलं.

अहवालाबरोबर मी एक नकाशा जोडणार होते. जिथे जिथे त्याने तोंड उघडलं तिथे एक टिंब. सातही नोंदी एकत्र केल्यावर टिंबांचा एक दाट पट्टा तयार झाला होता, आणि मी तो तुम्हाला मोठ्या आनंदाने दाखवला. तुम्ही बराच वेळ बघितलात.

"म्हंजे जागा सांगनार तू."

"जागा सांगितल्याशिवाय ती राखणार कशी, नाखवा?"

"राखनार कोन?"

"खातं राखेल. नियम होईल."

"नियम व्हयाला किती वर्सं?"

"दोन-तीन."

"आनि पर्ससीनवाल्याला थितं यायाला किती दिस?" पर्ससीन म्हणजे अख्खा थवा एका वेढ्यात उचलणारं मोठं जाळं, हे मला माहीत होतं. तुम्ही नकाशावर बोट ठेवलंत. "हितं देवमासा खातो म्हंजे हितं तारली हाय. तू टिंब काढशील, त्या टिंबावर जाळं पडंल. रातच्याला मासा वर वढायला लाइटी घेऊन येतील. चार दिसांत खाली करतील."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "म्हणजे तुम्हाला ती जागा स्वतःसाठी ठेवायची आहे."

काकी आत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "व्हय. मासा मना पन पायजे, खोटं कशाला बोलू. मना पायजे आनि त्याला पायजे. दोगं खातो आमी येवरी वर्सं. तिसरा आला तर दोगांना न्हाय." आणि उठून धक्क्याकडे गेलात.

तीन दिवसांनी ठरल्याप्रमाणे होडी काढलीत. नकाशाचा विषय काढला नाहीत. मीही काढला नाही. माफी मागायची मनात होती, पण मला वाटत होतं की माफी मागितली म्हणजे नकाशाही मागे घ्यावा लागेल, आणि तो मला मागे घ्यायचा नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. आता लिहिताना किती सहज कळतंय.

शेवटची भेट बोर्लीच्या बाजारात. तुम्ही दोरखंड घ्यायला आला होतात. आपण टपरीवर चहा घेतला. थंडी यंदा उशिरा पडली, तारली अजून लांबच आहे, काकींचा गुडघा, एवढंच बोलणं झालं. उठताना तुम्ही विचारलंत, "नकाशा झाला?"

"नाही अजून."

"बरं," म्हणालात आणि दोरखंडाचं वेटोळं खांद्यावर टाकून एसटीकडे निघालात. मी हाक मारली असती तर तुम्ही थांबला असतात. गाडी लागायला वेळ होता.

चौथ्या दिवशी सकाळी तुमच्या शेजारच्यांचा फोन आला. पुढचं घरच्यांना माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. मी आले तेव्हा काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भातवाली, बस." मी बसले. 

बाराव्याला महेशने विचारलं आणि मी अर्धं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेऊन पुन्हा आले. महेश उरणला निघायच्या तयारीत होता, त्याला म्हटलं, अर्धा तास थांब. काकींनाही बाहेर बोलावलं. पडवीत तुमच्या जागेवर कुणी बसलं नाही, बाजूला दाटीवाटीने बसलो. मी चौथी नोंद उघडली, काही न सरकवता, अगदी पहिल्या क्षणापासून. महेशला सांगितलं, हा बाबांनी टॅग ठेवला तो क्षण. सकाळचे आठ. इथून बघ. रेषा सपाट चालली होती. ती सपाटच चालत राहिली. नऊ वाजून गेल्यावर पहिली उसळी आली.

"हा तासभर तो उपाशी होता," मी म्हटलं. "आपल्यामुळे. आणि हे मी नाखवांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं, तरी सांगितलं नाही. खोटं सांगितलं."

 महेशने आईकडे बघितलं. काकी पडद्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना म्हाईत व्हतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"म्हाईत व्हतं त्यांना. तू गेल्यावर बोलले मना. काठी लावली आठाला, आनि पोरगी रेघ दाखवते नवापासून. खाली वेळ लिवलेली आसते म्हनं." काकींनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली. "मी बोलले, मग इचारा तिला. तर बोलले, इचारलं एकदा. आता न्हाय इचारनार. सांगंल ती आपसूक, डावं-उजवं सांगितलंन तशी."

वेळ मीच लिहायचे, तुमच्याच सांगण्यावरून. आलेखाखाली ती वेळ छापली जाते. रेषा वाचायला मीच तुम्हाला शिकवलं होतं. आकडे तुम्हाला आधीपासून वाचता येत होते. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

"मग होडी का काढत राहिले?" मी विचारलं.

"ते मना न्हाय म्हाईत," काकी म्हणाल्या. "पन मागाहून लांब ऱ्हायाचे म्हनं. काठी लावली का होडी मागं घ्यायाचे."

हे खरं होतं. शेवटच्या तीन वेळा तुम्ही टॅग लागताच होडी लगेच मागे घेतलीत. मी म्हणायचे, अजून थोडं जवळ, आणि तुम्ही म्हणायचात, इंजीन गरम होतंय. मी मनात तुम्हाला म्हातारे ठरवलं होतं. परत खोलीवर जाऊन मी त्या तीन नोंदी पुन्हा काढल्या. त्यांतली सपाट रेषा बाकीच्यांपेक्षा आखूड आहे. फार नाही, पण आहे. तुम्ही मला न सांगता एक प्रयोगच करून ठेवला होतात, आणि मी माझ्या वहीत त्या दिवसांपुढे लिहून ठेवलं होतं, "इंजीन बिघाड."

मी वहीतला तो शब्द खोडला. खरं कारण लिहिलं. तुमचं नाव लिहिलं.

अहवाल गेल्या आठवड्यात पाठवला. पहिल्याच पानावर पहिला तास आहे. टॅग लावणाऱ्या होडीने लगेच मागे व्हावं, पर्यटकांच्या होड्यांनी जवळ जाऊच नये, आणि पुढच्या हंगामात टॅगांची संख्या कमी करावी, असं त्यात आहे. हे कुणी बघितलं आणि कसं, तेही आहे. नकाशा जोडला आहे. त्यात टिंबं नाहीत, एक मोठा फिकट पट्टा आहे, इतका मोठा की त्यात जाळं टाकायला निघालेल्या माणसाला आठवडाभर फिरावं लागेल. तुम्ही म्हणाला असतात, अजून मोठा काढ. माझ्याबरोबर काम करणारे म्हणतात, हा नकाशा निरुपयोगी आहे. एका अधिकाऱ्यांचा फोन आला, टिंबं कुठायत? मी सांगितलं, कागदावर देणार नाही, होडीत बसून या, दाखवते. ते येतो म्हणालेत. येतील की नाही माहीत नाही. जागा राखायची तर कधीतरी ती कुणाला तरी सांगावी लागेल, असं मला अजूनही वाटतं. तेव्हा आपलं भांडण मिटलेलं नाही, नाखवा. मी फक्त ते वाक्य मागे घेते. तुम्ही ती जागा स्वतःसाठी राखत नव्हतात. आणि राखत असतात तरी तसं बोलायला नको होतं.

आणखी एक सांगायचं आहे, ते तुम्हाला आवडेल.

परवा काकी म्हणाल्या, "तीस वर्सं त्या माशाचं ऐकते. मी काय त्यो पायला न्हाय. मना ने." महेशने दोन दिवसांची रजा काढली. काकी होडीत बसल्या तेव्हा धक्क्यावरच्या बायका बघत राहिल्या. त्यांना दर्या लागला नाही. मलाही लागला नाही. टॅग, काठी, लॅपटॉप काही नेलं नव्हतं. महेशला तुमच्या खुणा सगळ्या येत नाहीत, मधे मधे तो माझ्याकडे बघायचा आणि मी डोंगर बघून सांगायचे, अजून बाहेर, आता थोडं दक्षिणेला. तुम्ही असतात तर आम्हा दोघांनाही गप्प बसवलं असतंत.

चार तास काही नव्हतं. काकींनी डबा उघडला, भाकरी आणि सुकटीची चटणी. आम्ही खात असताना उजव्या हाताला पाखरं जमली. महेशने इंजीन बंद केलं, कुणी न सांगता. मग तो आला. आधी फवारा, मग पाठ, मग पाणी उसळलं आणि अर्धं तोंड बाहेर आलं, गळ्याखालची कातडी फुगलेली, चारी बाजूंना तारली उडत होती. दोनदा, तीनदा. होडी त्याच्यापासून बरीच लांब होती. काकी एका हाताने फळी धरून उभ्या राहिल्या. मी आणि महेश बसूनच बघत होतो.

चौथ्यांदा तो वर आला तेव्हा काकी खाली बसल्या, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "पायला. जेवू दे त्याला. चल, फिरव होडी."

तो अजून तासभर तरी तिथेच असणार होता. तीन वर्षांत मी एकदाही अशा वेळी आपणहून परत फिरले नव्हते. महेशने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चल.

त्याने इंजीनला हात लावला नाही. ओहोटी लागली होती, होडी आपोआप बाहेर, त्याच्यापासून लांब सरकत होती. पाखरांचा आवाज अगदी बारीक होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग इंजीन सुरू केलं आणि लांबचा वळसा घेऊन आम्हाला घरी आणलं.